माल : अकरा पोट्टे

देवा, चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे आणि त्यावरचा फोटो चुकीचा आहे.

ज्यांनी लावला त्यांचा हेतू चांगला होता. त्यांनी शेवटच्या महिन्यांतला फोटो निवडला, कारण त्यात तू बारीक दिसतोस आणि नावाखाली 'व्यायामप्रेमी' असं छापलं आहे. गाल आत गेलेले, आणि कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल एवढी जागा. ती कॉलर मी शिवली आहे. ती तुझ्या मानेला चपखल बसायची. काल मी गळ्यात टेप अडकवून खाली उभा राहून वर पाहत होतो, तर भाजीवाल्या बाईनं विचारलं, "मास्तर, फ्लेक्सचं माप घेऊन राह्यले का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

उद्या तुझी तेरवी. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. हिंगणघाटात बोलायचं काम निघालं की लोक माझ्या दुकानाची पायरी चढतात, हे तुला माहीत आहे. चार शब्दांत मी कधी थांबलो नाही, हेही माहीत आहे. पण जे तिथं सगळ्यांसमोर बोलता येणार नाही, ते आज तुला सांगतो.

देविदासचा देवा मीच केला, पाचवीत. तेव्हापासून मी रस्त्यात 'अबे देवा, कुठं मेला?' असं ओरडलो की देवळातून परतणाऱ्या बायका कानाला हात लावायच्या. पुढं मी वडिलांच्या शिलाई मशीनवर बसलो आणि तू जिनिंगच्या काट्यावर. तुझी ती काचेची खोली, समोर जमिनीत बसवलेला लोखंडी काटा. कापसाची गाडी त्यावर चढायची, तू भरलेलं वजन घ्यायचास. कापूस खाली करून गाडी परत आली की रिकामं वजन. भरल्यातून रिकामं वजा केलं की उरला तो माल. सव्वीस वर्षं तू हेच केलंस. त्यात तुझा एक चमत्कार होता. काट्यावर आकडा दिसायच्या आधी तू गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचास आणि सांगायचास, यात पाणी किती अन् कापूस किती. काटा दोन्ही एकत्रच मोजतो. तुझा हात वेगवेगळं मोजायचा.

माझ्या पोरीच्या बाबतीत तू तेच केलंस. मला मात्र ते कळायला फार वेळ लागला.

अडीच वर्षांपूर्वीचा जून आठव. शाळेचे गणवेश शिवायची गर्दी, दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं, आणि मी रंगात आलेलो. माझी समीक्षा तेव्हा बारा वर्षांची होती आणि वर्गातल्या पोरींच्या दुप्पट दिसायची. मी म्हणालो, "आमच्या समीक्षाचा ड्रेस बेतायला घेतला की एकाच पोरीत अख्खा ताका संपते." दुकान हसलं. मी आणखी दोन सांगितले. ते तर याहून चांगले जमले होते. तेवढ्यात दारात माझा डबा घेऊन उभी असलेली समीक्षा मला दिसली. तीही हसत होती. डबा ठेवून ती निघून गेली आणि मला हायसं वाटलं, की चला, पोरीनं मनाला लावून घेतलं नाही.

एकटा तू हसला नव्हतास. गिऱ्हाइकं गेल्यावर तू म्हणालास, "पोट्टी हसली बे. पाह्यलं का तू? हसली."

मी म्हणालो, मग बरंच झालं की.

"रडली असती तर मी काही बोललो नसतो. उद्या पाच वाजता तिले जिनिंगमध्ये पाठवजो."

समीक्षानं त्याआधीच तुला काय सांगितलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. शाळेच्या खेळांच्या दिवशी तिला पळायला कोणी बोलावलंच नव्हतं. पळणाऱ्या पोरींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला तिला सावलीत बसवलं होतं. दोन वर्षं तेच. बापाला तिनं हे सांगितलं नाही. बापानं त्याचा जोक केला असता.

हंगाम नसला की जिनिंगचं अंगण मोकळं असतं. पहिल्या दिवशी तिथं सात पोट्टे होते, सगळे भरलेल्या अंगाचे, सगळे आईबापांनी ढकलून पाठवलेले. मीही तमाशा बघायला आलो होतो, खिशात शेवेचा पुडा घेऊन. आता तू यांना पळवणार, हे धापा टाकणार आणि मला आठवडाभर पुरेल एवढा मसाला मिळणार, असा माझा हिशेब. तू पळवलंच नाहीस. अंगणात एक रिकामी ट्रॉली उभी होती. भिंतीवर बसून मजा बघणाऱ्या वस्तीतल्या चारसहा सडपातळ पोरांना तू आधी बोलावलंस आणि म्हणालास, ढकला. ती पोरं लाल झाली, ट्रॉली हलली नाही. मग तू या सातांकडे वळलास. समीक्षानं ओढणी कमरेला बांधली, खांदा लावला. चाक एकदा कुरकुरलं. मग फिरलं. मग फिरतच राहिलं, आणि ती सात पोरं ट्रॉलीमागे जवळजवळ चालायच्या वेगानं जाऊ लागली.

देवा, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या. उंदराचा बैल केला. पण ही गोष्ट मी कधीच फुगवली नाही. ट्रॉली थांबल्यावर माझ्या पोरीनं मागं वळून पाहिलं तेव्हाचा तिचा चेहरा होता तेवढाच पुरे आहे. शेवेचा पुडा मी न खाता घरी नेला, यावरून काय ते समज.

जड असणं जिथं कामाला येतं ते त्यांना तू आधी दाखवलंस. पळणं मागून आलं. आधी ढकलणं, रस्सी ओढणं, मग चालणं, मग धापा टाकत पळणं. कोण पहिला आला, हे तू कधी विचारलं नाहीस. काल किती केलं अन् आज किती, एवढंच. सातांचे अकरा झाले. आणि अकरा घरांतून एकच प्रश्न यायला लागला, वजन किती उतरलं? सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी म्हणालो, देवा, तू काट्यावरचा माणूस, आणि पोट्टे मोजायला भितोस?

तू म्हणालास, आणा रविवारी.

तो रविवार हिंगणघाटानं विसरू नये. सगळे आईबाप हजर. अकरा पोट्ट्यांनी रिकामी ट्रॉली ढकलत काट्यावर नेली. खोलीत जाऊन तू रिकामं वजन घेतलंस, मग पोट्ट्यांना म्हणालास, चढा. अकराही जण ट्रॉलीत. तू गंभीर चेहऱ्यानं भरलेलं वजन घेतलंस, पावती फाडलीस आणि बाहेर येऊन वाचलीस. माल : पोट्टे. निव्वळ वजन सहाशे चाळीस किलो. एका आईनं विचारलं, यात आमच्या बंटीचं किती? तू म्हणालास, बाई, गाडीतलं बोंडन् बोंड वेगळं मोजत नाही कोणी. मी एवढा हसलो की मला उचकी लागली. ती पावती आजही माझ्या मशीनच्या खणात आहे.

तीन महिन्यांनी लोकांनी पुन्हा मोजायला लावलं आणि तेव्हा मी हसलो नाही. निव्वळ वजन सहाशे पन्नास. तीन महिने घाम गाळून दहा किलो वाढले होते. पाच घरांनी त्याच दिवशी पोरं बंद केली. सहावा मी. तुझ्या खोलीच्या पायरीवर आपण भांडलो. मी म्हणालो, काटा खोटं बोलत नाही, हे तूच सांगतोस. तू म्हणालास, पोरं तीन महिन्यांत उंच झाली, अकराजण मिळून दहा किलो म्हणजे काहीच नाही. मी म्हणालो, सबबी सांगू नको. तेव्हा तू जे बोललास, ते मला जसंच्या तसं आठवतं.

"मास्तर, गाडीचं रिकामं वजन निघते. पोट्टीचं रिकामं वजन कसं काढशीन तू? तिच्यात हाड वाढून राह्यलं, ताकद वाढून राह्यली, चरबी घटून राह्यली, अन् काटा सारं एकातच मोजते. तुह्याजवळ टेप हाये. टेप लाव, अन् सांग मले."

मी टेप लावला नाही. हट्ट. समीक्षाला आठ दिवस घरी बसवलं. नवव्या दिवशी बायकोच्या, कुंदाच्या सांगण्यावरून तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं, असल्या व्यायामानं काही होत नाही, हे डॉक्टरच तिला समजावतील म्हणून. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी उंची घेतली, कंबर घेतली, रक्तदाब पाहिला. जिना चढताना थांबावं लागतं का, झोप कशी लागते, शाळेत कसं वाटतं, हे सगळं समीक्षाला विचारलं, मला नाही. मग मला म्हणाल्या, वाढत्या वयात वजन तिथंच राहिलं आणि उंची वाढली तरी तो फायदाच आहे. व्यायामानं काट्यावरचा आकडा फारसा हलणार नाही, पण दम वाढतो, रक्तदाब सुधारतो, मन खुलतं. रोज तासभर हालचाल हवी, ती बंद करू नका. उपाशी ठेवू नका. आणि खाणं बदलायचं तर सगळ्या घराचं बदला. हे म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. उगाच पाहिलं असं म्हणणार नाही.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी मी पोरीला परत पाठवलं आणि तुला म्हणालो, डॉक्टरांनी 'हलकासा' व्यायाम चालेल म्हटलंय, म्हणून पाठवतो. खोटं होतं ते. डॉक्टरबाई शब्दाशब्दाला तुझंच बोलल्या होत्या. तुझं बरोबर निघालं, हे मला सांगवेना. तू 'बरं' म्हणालास. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं होतं. कापसात हात घालणाऱ्याला एवढं कळणार नाही?

आणि टेपही मी लावला होता, नंतर, चोरून. पुढच्या जूनमध्ये तिचा गणवेश मोठा करायला घेतला. कपड्याच्या शिवणीत आम्ही आत जास्तीचं कापड ठेवतो, पुढं उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. समीक्षाच्या कपड्यांत मी कमरेला दुप्पट माया ठेवत आलो होतो, दरवर्षी लागायची. त्या वर्षी कमरेची माया तशीच्या तशी राहिली. उलट कंबर दीड इंच आत घ्यावी लागली. खालची घडी मात्र पूर्ण सोडली तरी स्कर्ट आखूड पडला. मशीनवर बसून मी त्या स्कर्टला दोनदा टेप लावून पाहिला. हे तुला येऊन सांगायचं होतं. उद्या सांगू, म्हणून राहिलं.

मग यंदा तूच उतरायला लागलास.

गाव खूष. चहाच्या टपरीवर, बँकेत, लग्नात, जो तो म्हणे, काय देवा, पोट्ट्यांसंगं तुहीही चरबी झडली. दोन जणांनी तुला उपाय विचारला. ज्या आईबापांनी पोरं बंद केली होती, त्यांतल्या तिघांनी तुझ्याकडे पाहून पुन्हा पाठवायला सुरुवात केली. तू हसून हात जोडायचास. माझ्याकडे दोनदा पँट आत घ्यायला आणलीस. दुसऱ्या वेळी मी तुझ्या कमरेभोवती टेप फिरवला आणि टाळी वाजवून म्हणालो, वा, हिरो झाला लेका. खडूनं खूण केली. मग विचारलं, आता एवढं कापड आत राहील तर टोचेल. ही माया कापून टाकू का?

"कापू नको," तू म्हणालास. "राहू दे."

मला वाटलं, पुन्हा जाड व्हायची भीती वाटते तुला, आणि मी त्याच्यावरही एक जोक केला. देवा, तीस वर्षं तुझी मापं वहीत लिहिणारा माणूस मी. टेप माझ्या हातात होता. बारीक होणं आणि झिजणं यातला फरक मला ओळखता आला नाही. वजन कमी होणं म्हणजे चांगलंच असणार, या एका समजुतीनं माझे डोळे बांधले होते. तुला तेव्हा माहीत होतं का? हे विचारायचंही राहिलं.

सावंगीला तुझ्यासोबत पाचदा आलो. स्वादुपिंडाचा आजार, पसरलेला. प्रत्येक वेळी नर्स आधी तुला काट्यावर उभं करायची. पहिल्यांदा तू तिला विचारलंस, सिस्टर, हा शेवटचा कधी तपासला? ती घाबरली. तू वाकून आकडा पाहिलास आणि माझ्या कानाशी म्हणालास, "काटा बरोबर हाये मास्तर. मालच चुकला." मी हसलो. त्या बोळात, त्या माणसांत, मी मोठ्यानं हसलो आणि मग तोंड धुवायला गेलो, आणि तू बाहेर उभा राहून मला लवकर आटप म्हणालास.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी माझ्या दुकानात जे झालं ते तुला कळायला हवं. तीन आया आल्या होत्या, ब्लाउजांच्या मापासाठी. एक म्हणाली, एवढा व्यायाम करून काय झालं हो, पन्नाशीही गाठली नाही. दुसरी म्हणाली, आमच्या घरचे तर म्हणतात, पोरगा आता नको पाठवू, अंग तोडून काय मिळते. तिसरीनं मान हलवली. तू गेल्यापासून कोणाचंच पोर गेलेलं नाही, असं कळलं. तुझं अडीच वर्षांचं काम तीन वाक्यांत मोडलं जात होतं, आणि मी तोंडात टाचण्या धरून उभा होतो. कारण त्या जे बोलत होत्या, तेच रात्रंदिवस माझ्या मनात चाललं होतं. तू गेलास आणि मी, शेव खाणारा, राहिलो. याला काय उत्तर आहे?

समीक्षा आत बटणं लावत होती. ती बाहेर आली. आता पंधराची आहे. अजूनही भरलेल्या अंगाचीच आहे, आणि ती आता त्या अंगात सरळ उभी राहते.

"काकू," ती म्हणाली, "काका कायनं गेले ते डॉक्टरले विचारा. आम्ही काऊन जातो ते आम्हाले विचारा."

त्यांतल्या एकीनं खरंच विचारलं, काऊन जाता?

समीक्षानं हातातलं बटण टेबलावर ठेवलं. "मले जिना चढता येते आता. झोप येते. शाळेत कोणी काही म्हटलं तर मी हसत नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् आज पाच वाजता मी चालली. बंटीले पाठवजा."

ती हसत नाही. दुकानात कोणालाच ते वाक्य कळलं नाही, फक्त मला कळलं. मी टाचण्या काढून ठेवल्या आणि आयांदेखत पोरीला म्हणालो, त्या दिवशीचं माझं चुकलं होतं. ती म्हणाली, कोणत्या? मग म्हणाली, माहीत आहे. तेव्हा मला माझंच दुकान नवं वाटलं. माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

पाच वाजता मी शटर ओढलं. हंगाम सुरू झालाय, जिनिंगचं अंगण गाड्यांनी भरलंय, म्हणून पोट्टे नदीच्या रस्त्यानं चालणार होते. अकरांतले सात आले. बंटी आला, त्याची आईही आली, पदर खोचून, मी फक्त बघायला आले असं सांगत. मीही तेच सांगितलं. समीक्षानं आम्हा दोघांना तुझा नियम समजावला, की चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता आलं तर समजायचं आपण हळू चालून राहिलो. मला हा नियम फार आवडला. बोलणं तर आपलं घरचंच. वेणा नदीच्या पुलाच्या निम्म्यापर्यंत मी त्यांना तुझ्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन खऱ्या. चौथी सुरू केली, आणि देवा, शब्दच येईना. छातीत भाता चालू, तोंड उघडं आणि आवाज नाही. उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मी कठडा धरला. पोट्टे बरेच पुढं गेले होते. मला वाटलं, जातील.

ते थांबले. सगळ्यांत पुढं असलेली समीक्षा परत माझ्यापर्यंत चालत आली, बाजूला उभी राहिली, आणि नदीकडे बघत म्हणाली,

"घ्या श्वास, बाबा. घाई नाई. आम्ही आहो."